यादवी लिहिताना अडलेय : जमिनीखालच्या राज्याची कादंबरी

मातीकाम
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

चार वर्षं एक कादंबरी लिहितेय. अद्भुतरम्य म्हणतात त्या जातीची. जमिनीखाली राहणाऱ्या बुटक्या लोकांचं राज्य आणि त्या राज्यात पेटलेली यादवी. सतरा प्रकरणं झाली. अठराव्यात पाच महिने अडून बसलेय, म्हणून हा धागा काढते आहे.

मी गोव्यातल्या डिचोलीची. आमच्याकडच्या लोखंडाच्या खाणी उघड्या. डोंगर वरून सोलत, पायऱ्या पाडत खाली जायचं. त्यामुळे भुयारात उतरणारा खाणकामगार मी कधी पाहिलेला नाही, पण खाणीतलं पाणी लहानपणापासून पाहिलंय. बाबा खाणीवर पंपाच्या पाळीवर होते. पावसात खोदकाम बंद, तरी पंप रात्रंदिवस चालू. आषाढात रात्री दोनला सायकल काढून जायचे, कारण पाळी बदलायला माणूस आला नाही तर आधीच्याला उठता येत नसे.

आमच्या घरामागची विहीर आजीच्या काळात मे महिन्यातही आटली नव्हती. मी दहावीला होते त्या वर्षी मार्चमध्येच तळ दिसला. खड्डा विहिरीच्या तळापेक्षा खोल गेला होता आणि जमिनीतलं पाणी तिकडे उतरू लागलं होतं. आई टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभी असायची आणि बाबा तेच पाणी उपसून व्हाळात सोडायचे. त्याच पगारावर आमच्या तिघा भावंडांची शिक्षणं झाली. घरात यावरून कधी आवाज चढला नाही. फक्त बाबांनी जेवताना पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेणं सोडलं. आईने भरून दिला तरच प्यायचे. कादंबरी त्या तांब्यातून आली आहे.

कथा अशी. रोयणकरांचं राज्य सात थरांचं. राजा नाही, सात थरांची मिळून एक गावकरी, म्हणजे गावाचा सामाईक कारभार, आणि तिचा एक म्हालगडा, वडीलधारा प्रमुख. धातूची शीर खाली खाली उतरत गेली, तसे रोयणकरही मागोमाग उतरले. आता सातवा थर पाण्याच्या पातळीखाली आहे. थराथरावर रहाट बसवलेत, खालचा रहाट पाणी वरच्याच्या हौदात टाकतो, असं करत ते पाणी डोंगराच्या पोटातून बाहेर पडतं. कुठलाही एक रहाट थांबला तरी त्याच्याखालचे सगळे बुडतात. वरच्यांना खालून येणारं लोखंड हवंय, खालच्यांना वरच्यांचे रहाट हवेत.

म्हालगडा मरतो. त्याची थोरली मुलगी लोहिणी म्हणते, सातवा थर सोडा, भरू दे, वरचे झरे परत जिवंत होतील. धाकटा कांसू म्हणतो, तिथे तीनशे माणसं राहतात, त्यांची चूल तिथे आहे, त्यांना वर कोण जागा देणार? दोघांचंही म्हणणं खरं आहे, हे मला मनापासून वाटतं.

अडलेय ती जागा म्हणजे सहाव्या आणि सातव्या थरामधलं दार. रहाट थांबलेत, पाणी चढतंय. दार लागलं तर सहा थर वाचतात. तीनदा लिहिलं. पहिल्यांदा लोहिणी दार लावते, तर ती राक्षसीण झाली. दुसऱ्यांदा कांसू रडत रडत लावतो, ते नाटकी वाटलं. तिसऱ्यांदा एक फितूर आणला, तर सगळं पाप त्याच्या माथी गेलं आणि बाकीचे सगळे धुतल्या तांदळासारखे सुटले. हे तिसरं सर्वांत खोटं होतं.

दोन्ही बाजूंचं खरं असताना हे दार कोण लावतं?

घुमट
सोमवार, रात्री ११:०५

धागा वाचून झोप उडाली. तांब्याचा परिच्छेद दोनदा वाचला.

एक प्रश्न. 'रोयणकर' हे नाव सुचलं कसं? आणि ड्वार्फला मराठीत तुम्ही काय म्हणता? बुटके, ठेंगू, खुजे, वामन, सगळेच शब्द कुठेतरी खुपतात.

मातीकाम
सोमवार, रात्री ११:३१

पहिल्या खर्ड्यात 'खुजे' होतं. शाळेत माझ्या बाकावर एक मुलगी होती, तिची उंची चौथीनंतर वाढलीच नाही. तिला मैदानावर काय काय हाका मारायचे ते मी ऐकलंय. तो खर्डा हातात घेतला तेव्हा तिची आठवण आली आणि सगळ्या कागदांवरून तो शब्द काढला. आता कथेतली माणसं स्वतःला उंचीवरून ओळखतच नाहीत. उंचीवर बोट ठेवतात ते बाहेरचे.

रोयण म्हणजे वारूळ, हे इथल्यांना सांगायला नको. सातेरीला आपण रोयणीच्या रूपातच पुजतो. गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी मातीचा उंचवटा पाहून मी लहानपणी आजीला विचारलं होतं, देवी कुठे आहे? आजी म्हणाली, आत आहे. जमिनीखालच्या माणसांचं राज्य लिहायला घेतल्यावर मला उत्तरेकडच्या बर्फातल्या दंतकथांकडे जावंसं वाटलंच नाही. वारुळाला आत वाटा असतात, दालनं असतात, हवा खेळती ठेवायला पोकळ्या असतात. आणि वाळवी आत बुरशीची शेती करते. पावसाळ्यात रस्त्याकडेला पानात गुंडाळून विकायला येणारी रोयणींची अळमी, म्हणजे वारुळावरची भूछत्रं, त्याच शेतीतून वर येतात. माझे रोयणकर तेच खातात. त्यांच्या अळम्यांच्या दालनात मोठ्याने बोलायला बंदी आहे.

सातेरीचा_पार
मंगळवार, सकाळी ७:१०

बाय, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही वापरलेल्या शब्दातच आहे असं मला वाटतं. आपण आपसातल्या युद्धाला 'यादवी' म्हणतो. आता तो कोशातला एक शब्द झालाय, पण त्यामागची कथा महाभारताच्या मौसलपर्वात पुन्हा एकदा वाचा.

कुरुक्षेत्रानंतर छत्तीस वर्षं उलटली आहेत. यादव प्रभासला गेलेत, मद्य चाललंय. पांडवांकडून लढलेला सात्यकी कौरवांकडून लढलेल्या कृतवर्म्याला हिणवतो, झोपलेल्यांना मारणारा तू. कृतवर्मा उलट म्हणतो, हात तुटून प्रायोपवेशनाला बसलेल्या भूरिश्रव्याला मारणारा तू. दोघेही खरंच बोलताहेत! दोन्ही पापं घडलेली आहेत. सात्यकी उठून कृतवर्म्याचं डोकं उडवतो आणि मग बाकीचे सात्यकीवर तुटून पडतात. कशाने? खरकट्या भांड्यांनी. हातात होती ती जेवणाची भांडी घेऊन. मी शाळेत हे पर्व शिकवायचो तेव्हा इथे दर वेळी थांबायचो. एका पंगतीला बसलेली माणसं ताटांनीच एकमेकांना मारतात, याहून नेमकं यादवीचं वर्णन मला दुसरीकडे मिळालं नाही.

तुमच्या विषयाशी आणखी एक गोष्ट जुळते. त्या कथेतही मूळ लोखंडच. कृष्णाचा मुलगा सांब, त्याच्या पोटी शापाने आलेलं लोखंडी मुसळ कुटून भुगा करून समुद्रात टाकलं, तरी ते काठावर लव्हाळं होऊन उगवलं आणि यादवांनी तेच उपटून एकमेकांना मारलं. टाकून दिलेलं लोखंड परत आलं. तुमच्या रोयणकरांचं जुनं काहीतरी असंच परत यायला हवं. म्हालगडा मरणं हे निमित्त झालं. त्याच्या तेराव्याच्या पंगतीत कोणी कोणाला कुठल्या जुन्या गोष्टीवरून हिणवलं, ते आधी लिहा.

खाणपाणी
मंगळवार, सकाळी ९:४८

मी सांगे भागात खाणीवर सर्व्हेला होतो, आता निवृत्त. कथा-कादंबऱ्यांतलं मला फार कळत नाही, पाण्यातलं कळतं. म्हणून तेवढंच लिहितो.

रहाट ठेवलेत ते बरोबर केलंत. पंप ठेवले असते तर एक अडचण होती. वरून ओढणारा पंप पाणी साधारण १० मीटरच ओढू शकतो, त्याच्यापुढे हवेचा दाबच पुरत नाही. जुन्या काळी खोल खाणींत असे पंपही टप्प्याटप्प्याने लावायचे ते याच कारणाने. रोमन लोकांच्या स्पेनमधल्या खाणींत पाणचक्रं जोडीजोडीने एकावर एक लावलेली सापडली आहेत. तेव्हा तुमची रचना खरी आहे.

खोली मीटरमध्ये देऊ नका. विहीर खणणारे 'पुरुष' मोजतात, दोन पुरुष, पाच पुरुष. रोयणकरांचा पुरुष आपल्यापेक्षा लहान असणार. बाहेरच्या व्यापाऱ्याशी मापावरून तंटा व्हायला तेवढं पुरे.

खाली गेलं की थंडी असते असं कथांत वाचतो. वरच्या भागात गारवा असतो हे खरं, पण खोल गेलं की दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी खडक तापत जातो. तुमचा सातवा थर किती खोल आहे त्यावर तिथली माणसं अंगात काय घालतात ते ठरेल.

आता दाराचं. दार लागल्यावर काय होतं, हा विचार तुम्ही केलाय का? सातव्या थरात काही दालनं दारापेक्षा उंचावर असली आणि त्यांना वर फट नसली, तर तिथे हवा कोंडून राहील आणि पाणी एका पातळीला अडेल. तिथली माणसं लगेच बुडणार नाहीत. हवा खराब होईपर्यंत जगतील. म्हणजे ठोके ऐकू येतील.

हे लिहून थोडा वेळ थांबलो होतो. तरीही पाठवतो, कारण तुम्ही खरं लिहू बघताय.

मातीकाम
मंगळवार, दुपारी १:२०

खाणपाणी बाब, ठोक्यांचं वाचलं आणि जेवण तसंच राहिलं. चार वर्षांत हे माझ्या मनात आलं नव्हतं. सहाव्या थरातली माणसं भिंतीला कान लावून बसलेली मला आत्ता दिसताहेत.

सातेरीचा पार सर, पंगत लिहायला घेतेय.

अद्भुतप्रेमी
मंगळवार, दुपारी २:०२

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. हा धागा खाणकामाच्या पुस्तकाकडे चाललाय. मी अद्भुत कथा वाचतो त्या रोजच्या जगातून बाहेर पडायला. कुऱ्हाडी, शिंगांचे नाद, दगडात कोरलेली शंभर खांबांची सभा, शपथा, शाप. युद्ध म्हटलं की मला एक बाजू धरायची असते. 'दोघांचंही खरं' वाचून मन कुठेच ठरत नाही. टँकरची रांग मला घरीच दिसते, ती पुन्हा पाताळात कशाला?

कोलार_ते_केपें
मंगळवार, दुपारी ४:३७

अद्भुतप्रेमी, खरी खाण तुम्ही म्हणता त्या पाताळाहून अद्भुत असते, एवढंच सांगायला लिहितेय.

माझे आजोबा कोलारच्या सोन्याच्या खाणीत होते. ती खाण ३ किलोमीटरहून खोल गेली होती. २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली, तेव्हा आजोबा हयात नव्हते ते बरंच झालं. आजोबा सांगायचे की खाली भीती अंधाराची नसते, खडकाची असते. एवढ्या खोलीवर वरच्या डोंगराचं सगळं वजन बाजूंच्या भिंतींवर येतं. बोगदा कोरला की भिंत ते वजन पेलते, पेलते, आणि एके दिवशी कसलीही चाहूल न देता फुटते. दगड गोळीसारखे उडतात. वर गावात कपाटातली भांडी वाजायची आणि बायका उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या. कोणी काही बोलायचं नाही. कुठल्या पाळीत कोणाचा माणूस खाली आहे ते प्रत्येकीला पाठ असायचं.

खाणीत माणसांना उतरवणारा पाळणा, म्हणजे लिफ्ट, खाली जाताना कान दडपायचे. खाली बोलताना प्रत्येकाचा आवाज वेगळा वाटायचा. आणि त्याच खाणीत, एवढ्या खोल, शास्त्रज्ञांनी उपकरणं लावली आणि १९६५ मध्ये आकाशातून येऊन पृथ्वीतून आरपार जाणाऱ्या न्यूट्रिनो कणांची खूण टिपली. वरचा डोंगर बाकीचे सगळे किरण अडवतो, म्हणून खाली उतरायचं. आकाशाचं ऐकायला पाताळात जाणारी माणसं. यापुढे कुठला मंत्र अद्भुत?

मातीकाम, तुमच्या दाराबद्दल एक सुचवू का? इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींत हवेची दारं उघडझाप करायला लहान मुलं बसवत. अंधारात, एकटी, हातात एक दोरी. गाडी आली की दार ओढायचं, गेली की सोडायचं. १८४२ मध्ये कायदा झाला आणि १० वर्षांखालच्या मुलग्यांना आणि सगळ्या बायका-मुलींना खाली उतरवायला बंदी आली. तोवर आख्ख्या खाणीचा श्वास त्या पोरांच्या हातात होता. तुमच्या दारापाशी लोहिणी आणि कांसू दोघंही नसतील. तिथे एखादं पोर असेल.

अद्भुतप्रेमी
मंगळवार, संध्याकाळी ६:१५

कोलार ते केपें, भांडी वाजतात आणि बायका उंबऱ्यात येतात, हे वाचून माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. अर्धं राहिलंय. शपथा आणि शिंगं ठेवाच, मातीकाम. लोकांकडे गमावण्यासारखं काहीतरी भव्य असल्याशिवाय यादवीचं दुःख होत नाही.

मातीकाम
मंगळवार, संध्याकाळी ६:५०

हे अगदी पटलं. शंभर खांबांची सभा देतेच तुम्हाला. प्रत्येक खांब एकेका घराण्याने कोरलेला आहे आणि युद्धात पहिला खांब फुटतो तेव्हा छत किती घराण्यांनी तोललं होतं ते सगळ्यांना कळतं. हे सहाव्या प्रकरणात आहे.

भाषेचा_चाहता
मंगळवार, रात्री ९:२२

वेगळा मुद्दा. तुमची माणसं बोलतात कुठल्या भाषेत? मला धास्ती आहे की वरच्या थरांना पुस्तकी मराठी आणि खालच्यांना बोली, अशी वाटणी झाली असेल. आपल्या नाटकांत गडीमाणूस आला की बोली येते आणि बोली आली की प्रेक्षक हसतात. मी गावच्या जत्रेच्या नाटकांत वीस वर्षं कामं केली, हसू कुठल्या वाक्याला येतं ते पाठ झालंय. गोव्यात तर हा विषय आणखी नाजूक. घरात कोंकणी, शाळेत आणि देवळाच्या रंगमंचावर मराठी, आणि त्यावरून आपल्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांशी अबोले धरलेले. १९८७ चा राजभाषा कायदा झाला त्या दिवसांत आमच्याच घरी दोन चुलते एका ओटीवर बसत नव्हते. यादवी काय असते ते मी त्या ओटीवर पाहिलं.

मातीकाम
मंगळवार, रात्री १०:०८

तुमची धास्ती खरी होती. पहिल्या खर्ड्यात नेमकं तेच केलं होतं. आता उलट आहे. खाली जावं तशी भाषा जुनी होत जाते. सातव्या थरात अजून ओव्यांच्या वळणाचं मराठी बोलतात, कारण तिथे बाहेरचा व्यापारी कधी पोचला नाही. वरच्या थरांची भाषा सरमिसळ, चटपटीत, आणि ती मला तितकीच आवडते. युद्धात दोन्ही बाजू एकच पाळणा म्हणतात. शब्द वेगळे, चाल एक.

ओटीचं वाचून गप्प झाले. तुमची हरकत नसेल तर सभेनंतरच्या प्रसंगात दोन भाऊ एका ओटीवर न बसणारे घेऊ का?

भाषेचा_चाहता
मंगळवार, रात्री १०:१५

घ्या. दोघेही आता नाहीत. त्यांना आवडलं असतं.

खाजन
बुधवार, सकाळी ६:३०

मी खाजन शेतीवाला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून शेती करणारा. दाराबद्दल मला सांगायचंय.

आमच्या बांधाला मानस असते, पाण्याचं दार. लाकडाची फळी वरून टांगलेली. भरती आली की खाडीचं पाणी फळीला ढकलतं आणि ती स्वतःच चौकटीला घट्ट बसते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला बाहेर ढकलतं आणि ती उघडते. माणसाने हात लावावा लागत नाही. पण भरतीतसुद्धा ती उघडी ठेवायची असेल तर मात्र मधे ओंडका घालून अडवावी लागते. आणि तो ओंडका सोपा नसतो बाय. पाण्याचा जोर फळीतून ओंडक्यात येतो, तो हातात धरून पाहा एकदा.

तुमचं दार मानशीसारखं करा. खालून पाणी चढलं की ते आपसूक लागतं. लावायला कोणी लागतच नाही. उघडं ठेवायला कोणीतरी लागतं.

घुमट
बुधवार, सकाळी ८:४४

खाजन, ही तर पळवाट झाली! 'दार पाण्याने लावलं' म्हणजे कोणाचाच दोष नाही. मातीकामना फितूर नको होता तो याचसाठी ना? तेव्हा सगळं पाप एकाच्या माथी गेलं होतं, आता कोणाच्याच माथी नाही.

सातेरीचा_पार
बुधवार, सकाळी ९:३०

घुमट, युद्ध संपल्यावर वरचे लोक नेमकं हेच वाक्य बोलतील, 'दार पाण्याने लावलं.' खालचे उरलेले बोलतील, 'तुम्ही लावलंत.' वाचकाला मात्र माहीत असेल की तिथे ओंडका होता आणि ओंडक्याला हात होते.

मातीकाम
बुधवार, रात्री ११:५५

आज सुट्टी टाकली आणि दिवसभर लिहिलं. खाजन, कोलार ते केपें, खाणपाणी, तुम्ही तिघांनी मिळून दार दिलंत. माझ्याकडे फक्त बाबांची पाळी होती. कच्चंच देते.

*पिणूला ओंडक्यावर बसवलं तेव्हा पाणी सातव्या थराच्या पहिल्या पायरीला होतं. "आठ घटका," अडसरकर म्हणाला, "मग पाळी बदलायला चंदो येईल. तोवर खांदा काढायचा नाही."*

*तिने पाठ ओंडक्याला लावली आणि पाय समोरच्या भिंतीत रोवले. तिची आजी अशीच बसायची, आजीची आईही. भिंतीत टाचांचे दोन खळगे पडले होते, तिचे पाय त्यांत नीट बसत नव्हते, खळगे मोठे होते.*

*माणसं वर येत होती. एकेक, वाकून, फळीखालून. कोणी अळम्यांची टोपली डोक्यावर घेऊन, कोणी पोर पाठीला बांधून. एका म्हाताऱ्याने चुलीचा दगड उचलून आणला होता. प्रत्येक जण जाताना तिच्या डोक्याला हात लावून जात होता. ती मोजत होती. एकशे दहा. एकशे अकरा.*

*चौथ्या घटकेला पाणी फळीला लागलं. आधी ओंडका फक्त कुरकुरला. मग तिच्या पाठीत काहीतरी शिरल्यासारखं झालं, जड, थंड, एकसारखं. कोणी ढकललं असतं तर तिने उलट ढकललं असतं. हे ढकलणं नव्हतं. हे वजन होतं.*

*एकशे साठ.*

*आठव्या घटकेचा ठोका वरून आला. तिने मान वळवून जिन्याकडे पाहिलं. चंदो आला नाही. पाचव्या थराच्या सभेत त्या वेळी कोणी पाळ्या ठरवाव्यात यावर बोलणं चाललं होतं. लोहिणीची माणसं म्हणत होती, सहाव्याच्या पाळ्या सहाव्याने बघाव्यात. कांसूची माणसं म्हणत होती, पाळी ही सगळ्या गावकरीची. चंदो दाराशी उभा होता, कमरेला फडकं बांधून, कोणीतरी जा म्हणेल याची वाट बघत.*

*दहावी घटका. एकशे त्र्याण्णव. पिणूच्या टाचा खळग्यातून निसटल्या, तिने परत रोवल्या. फळीखालून एक हात आला, बोटांत कासवाच्या पाठीची बांगडी. "येतेय गे," खालून आवाज आला, "धर."*

*"धरलंय," पिणू म्हणाली.*

कोलार_ते_केपें
गुरुवार, सकाळी ६:५२

पुढचं देऊ नका इथे. पुस्तकातच वाचेन.

चुलीचा दगड उचलून आणणारा म्हातारा. आमच्या आजोबांनी खाणीतून परत येताना एक साधा काळा दगड आणला होता, सोन्याचा कणही नसलेला. देवघरात आहे अजून.

खाणपाणी
गुरुवार, सकाळी ९:१५

दोन दुरुस्त्या. पाणी चढताना खालची हवा आधी बाहेर येईल. त्या फळीखालून वारा सुटेल, जोराचा, कुंद वासाचा. पिणूचा दिवा असेल तर तो आधी फडफडेल. आणि ती हवा वाईट असेल तर ज्योत मंदावेल. आमच्याकडे विहीर साफ करायला उतरण्याआधी कंदील सोडतात, ज्योत लहान झाली की कोणी उतरत नाही. पिणूने तो दिवा बघत राहावा. मोजण्यासाठी तिला माणसं आहेतच, वेळ मोजायला दिवा द्या.

दुसरं, ओंडका कशाचा? पाण्यात टिकणारं लाकूड हवं. आमच्याकडे मट्टी असते तशी काहीतरी. जमिनीखाली झाडं नाहीत, म्हणजे हा ओंडका कधीतरी वरून आणलेला. कोणी, कधी, कशाच्या बदल्यात, हे त्या लोकांना पाठ असणार.

मातीकाम
गुरुवार, दुपारी १२:४०

बाब, तो ओंडका एका लग्नाच्या आहेरात आला होता. हे तुमचं वाचता वाचता ठरलं. पहिल्या थरातली मुलगी सातव्यात दिली, तेव्हाचा.

घुमट
गुरुवार, दुपारी १:०५

माझी पळवाटीची हरकत मागे. चंदो दाराशी उभा आहे, तेवढं वाचलं आणि कोणाचा दोष हे विचारावंसं वाटलं नाही. आता शेवटाबद्दल विचारतो. युद्ध संपल्यावर ही माणसं एकत्र राहणार कशी? त्या जिन्यावरून रोज जाणार कशी?

रणमाले
गुरुवार, रात्री ८:२०

दोन दिवस नुसता वाचत होतो. घुमटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण आमच्या सत्तरीतली एक रीत सांगतो.

झर्मे गावात शिगम्यात चोरोत्सव होतो. फार पूर्वी गावात आलेल्या निरपराध माणसांना चोर समजून मारलं गेलं, अशी कथा आहे. चूक कळली तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून दर वर्षी त्या रात्री गावातलीच माणसं 'चोर' होतात आणि त्यांना मातीत अर्धवट पुरतात. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलं. ढोल वाजतोय, मशाली, आणि मातीत माणूस. मी घाबरून रडलो तेव्हा वडील म्हणाले, बघ, तोंड फिरवू नको.

रोयणकरांनी तो जिना बुजवू नये असं मला वाटतं. वर्षातून एकदा कोणीतरी त्या खळग्यात टाचा रोवून आठ घटका बसावं. वरच्या थरातल्या घराने एका वर्षी, खालच्या उरलेल्यांनी दुसऱ्या वर्षी.

भाषेचा_चाहता
गुरुवार, रात्री ८:५८

आणि पाळी बदलायला चंदोच्या घरातलं कोणीतरी वेळेवर यावं.

मातीकाम
गुरुवार, रात्री ११:१०

आज संध्याकाळी बाबांना ते प्रकरण वाचून दाखवलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, पंपाच्या आवाजाने कान गेले आहेत, म्हणून जवळ बसून मोठ्याने वाचलं. आई आत भाजी चिरत होती, चिरणं थांबल्याचं मला कळलं. चंदो दाराशी उभा आहे तिथे बाबांनी हात वर केला. विचारलं, "त्याला कोणी जा म्हटलं नाही?" मी म्हटलं, नाही. ते बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मी गेलो असतो. कोणी सांगितलं नसतं तरी."

हे वाक्य चंदोला द्यायचं आहे, म्हातारा झाल्यावर. शेवटच्या प्रकरणात त्याची नात त्या खळग्यात बसलेली असेल आणि तो जिन्यात पाळीच्या वेळेच्या किती तरी आधी येऊन उभा असेल.

रणमाले, झर्म्याला या शिगम्यात यायचंय. वाट कशी ते कळवाल?

रणमाले
गुरुवार, रात्री ११:३२

वाळपईहून पुढे. व्यक्तिगत संदेश पाठवतो. बाबांनाही आणा, बसायला जागा करू.